आपले बारा देव कोणते?

प्रश्न असा आहे. परदेशात वाढणाऱ्या एका मुलीला शाळेत ग्रीकांचे बारा देव शिकवले गेले. त्यांची नावे, कामे आणि खुणा तिला पाठ झाल्या आणि घरी येऊन तिने वडिलांना विचारले, की मग आपले बारा देव कोणते? वडिलांनी ‘आपले तेहतीस कोटी’ असे सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हिंदू धर्मात, विशेषतः महाराष्ट्रात, असे ठरलेले दैवतमंडळ आहे काय? आणि खेळाडू, नट, नेते यांना हल्ली सर्रास ‘दैवत’ म्हटले जाते, त्यांचीही एक देवसभा असल्यासारखे बोलले जाते, त्यात काही तथ्य आहे की ती केवळ बोलण्याची लकब आहे?

गावोगावची देवस्थाने आणि घरोघरचे देव्हारे यांची नोंद ठेवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात उत्तर देतो. दैवतमंडळ नावांच्या यादीने सिद्ध होत नाही. मध्यभागी कोण आणि कोपऱ्यात कोण, कोण कोणाचा कोण लागतो, कोणाला काय मागायचे आणि त्या बदल्यात काय द्यायचे, या मांडणीने ते सिद्ध होते. या अर्थाने महाराष्ट्रात एकच दैवतमंडळ नाही. प्रत्येक गावाचे, प्रत्येक कुळाचे वेगळे आहे, आणि तरीही ती सगळी एकमेकांना ओळखतात. आता हे जरा विस्ताराने पाहू.

सुरुवात ग्रीकांपासूनच करावी लागेल, कारण पाठ्यपुस्तकातले नीटनेटके चित्र तिथेही पुरते खरे नाही. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे भर चौकात, बारा देवांची एक वेदी होती. इ. स. पू. 522-21 च्या सुमारास पिसिस्ट्रॅटस या सत्ताधीशाच्या त्याच नावाच्या नातवाने ती उभारली. अथेन्सपासूनची अंतरे या वेदीपासून मोजली जात आणि संकटात सापडलेला माणूस तिच्यापाशी येऊन बसला, की त्याला अभय मागता येई. म्हणजे बारा देवांची ही कल्पना पुराणकथेपेक्षा शहराच्या कारभाराशी अधिक जोडलेली होती. परंतु हे बारा कोण, याविषयी सगळीकडे एकवाक्यता नव्हती. अथेन्समधल्याच पार्थेनॉन या देवळाच्या पूर्वेकडील शिल्पपट्टात जे बारा देव बसलेले दिसतात, त्यांत डायोनायसस आहे आणि चुलीची देवता हेस्टिया नाही. इतर काही याद्यांमध्ये याच्या उलट आहे. ऑलिंपियात तर सहा जोडवेद्यांवर बारा देव पूजले जात आणि त्यांत क्रोनस व रिया ही आधीच्या पिढीतली जोडी होती, शिवाय तिथून वाहणारी अल्फिऑस नदीही देव म्हणून होती. आकडा सर्वत्र बाराच. बाराव्या जागेवर कोण, हे त्या त्या गावाने आपापल्या गरजेप्रमाणे ठरवलेले.

आपल्याकडे आकड्याचा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही मोठे मार्मिक दिले गेले आहे. बृहदारण्यक उपनिषदात विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, की देव किती? याज्ञवल्क्य आधी तीन हजार तीनशे सहा असे उत्तर देतो. शाकल्य ‘बरे’ म्हणतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मग तेहतीस, मग सहा, तीन, दोन, दीड आणि शेवटी एक, अशी उत्तरे येतात. तेहतिसांची फोडही तिथेच दिलेली आहे: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. या संवादाचा उपयोग लोक बहुधा ‘शेवटी देव एकच’ एवढे सिद्ध करण्यासाठी करतात. मला त्यातले दुसरेच अंग अधिक महत्त्वाचे वाटते. याज्ञवल्क्याने आधीचे एकही उत्तर मागे घेतलेले नाही, आणि शाकल्यानेही प्रत्येक उत्तर बरोबर म्हणून मान्य केले आहे. देवांची संख्या तुम्ही कुठे उभे राहून मोजता यावर ठरते, हे गृहीत धरूनच दोघेही बोलत आहेत.

संख्येपेक्षा बोलकी गोष्ट म्हणजे देवांचे स्थान कसे बदलते ती. ऋग्वेदातल्या 1028 सूक्तांपैकी सुमारे एक चतुर्थांश सूक्ते इंद्राची आहेत. विष्णूच्या वाट्याला स्वतंत्र अशी जेमतेम पाचसहा येतात. पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत हे प्रमाण पार उलटले. परंतु इंद्राला कोणी हाकलून दिले नाही, तो पूर्व दिशेचा रक्षक झाला. एके काळी विश्वाच्या नियमांवर देखरेख ठेवणारा, पाप्याला पाशात बांधणारा वरुण पश्चिमेचा दिक्पाल झाला. अग्नी आग्नेयेला, यम दक्षिणेला, वायू वायव्येला गेला. कोणत्याही जुन्या शिवमंदिराला प्रदक्षिणा घालताना बाहेरच्या भिंतीवर हे अष्टदिक्पाल आपापल्या कोनात उभे दिसतात. ज्यांच्यासाठी यज्ञ होत, ते आता दुसऱ्याच्या घराची राखण करतात. आपल्या परंपरेत देवाला काढून टाकण्याची पद्धत जवळजवळ नाही. त्याची जागा बदलते, मान कमी होतो, काम मर्यादित होते, पण नाव पुकारले जातेच. आजही कोणत्याही शांतीत दिक्पालांना त्यांचा बळी, म्हणजे भाताचा वाटा, दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मांडणी हा शब्द मी वापरला, तो शब्दशः कसा खरा आहे हे पंचायतनात दिसते. शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती हे पाच देव एका तबकात ठेवून पूजायचे, ही स्मार्तांची, म्हणजे स्मृतिग्रंथांना प्रमाण मानणाऱ्यांची, रीत. शिवासाठी नर्मदेतला बाण, विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा दगड, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी धातूची चमक असलेला सुवर्णमाक्षिक पाषाण. पाचही दगड मुठीत मावतील एवढे असतात. आता प्रश्न येतो मध्ये कोण ठेवायचा याचा. शिव मध्ये असेल, तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती आणि वायव्येला देवी. विष्णू मध्ये असेल, तर ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य. देवी आपल्या वायव्येलाच राहते. देव तेच, तबक तेच, पण मधला बदलला की घर शैवाचे की वैष्णवाचे ते ठरते. पुण्यात पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेले देवदेवेश्वर हे याच पद्धतीचे मंदिर आहे: मध्यभागी महादेव आणि चार कोपऱ्यांत इतर चौघांची छोटी देवळे. पर्वतीवर फिरायला जाणाऱ्या बहुतेकांना ती कोपऱ्यातली देवळे कोणाची आहेत हे सांगता येत नाही, आणि मंदिराचा सारा अर्थ मात्र त्या कोपऱ्यांतच आहे.

पंचायतन हे शास्त्राचे दैवतमंडळ झाले. बहुसंख्य मराठी घरांतले दैवतमंडळ टाकांचे असते. चांदीच्या किंवा पितळेच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेला हा टाक दोनतीन इंच उंचीचा असतो. घोड्यावर बसलेला, हातात खड्ग घेतलेला खंडोबा, अष्टभुजा भवानी, ज्योतिबा, कुळाचा एखादा वीर आणि अपमृत्यू आलेल्या पूर्वजाचाही टाक त्यात असू शकतो. नोंद करायला बसल्यावर मी घरच्या मोठ्या बाईंना एवढेच सांगतो, की रोजच्या क्रमाने देव खाली काढा आणि त्याच क्रमाने परत ठेवा. हात आपोआप चालतात. कुलस्वामिनी आधी, मग कुलदैवत, मग बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, मग पूर्वज. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा बाईंच्या माहेरून लग्नात आलेल्या असतात, त्यामुळे एकाच देव्हाऱ्यात दोन घराण्यांचे देव नांदत असतात. कित्येकदा मागच्या ओळीत एखादा टाक इतका झिजलेला असतो, की आकृती ओळखू येत नाही. कोणाचा म्हणून विचारले, तर ‘माहीत नाही, सासूबाई ठेवायच्या’ असे उत्तर मिळते. त्यालाही गंध लागते, अक्षता पडतात. ओळख पुसली गेली, तरी जागा जात नाही.

बाहेरच्या देवाला या मंडळात प्रवेश कसा मिळतो? आपल्याकडचा राजमार्ग म्हणजे सोयरीक. जेजुरीच्या खंडोबाचे उदाहरण घ्या. त्याची पहिली बायको म्हाळसा ही लिंगायत वाण्याची मुलगी, मूळची नेवाशाची. दुसरी बाणाई ही धनगराची. लोककथांत याखेरीज शिंपी, माळी अशा समाजांतल्याही बायका येतात. प्रत्येक लग्नाबरोबर एकेक समाज देवाचा सासुरवाडीकर झाला आणि देवावर त्याचा हक्क लागू झाला. परंतु सोयरीक झाली, म्हणजे बरोबरी झाली असे नाही. जेजुरीचा गड चढताना बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर लागते; म्हाळसा मात्र वर, मुख्य गाभाऱ्यात देवाशेजारी आहे. कथा सांगते, की दोघी सवती भांडल्या, तेव्हा देवाने गडाची अशी वाटणी करून दिली. वाण्याची लेक वर आणि धनगराची लेक निम्म्यावर, यात समाजरचना जशीच्या तशी उतरली आहे, हे कोणालाही दिसेल. पण त्याच कथेत देवाचा जीव बाणाईवर अधिक आहे, तिच्यापायी तो बारा वर्षे मेंढरे राखतो, हेही सांगितलेले आहे, आणि वाघ्या-मुरळींच्या गाण्यांत बाणाईला मिळणारी जागा म्हाळसेपेक्षा तसूभरही कमी नाही. पायऱ्यांवर भेटणारा हेगडी प्रधान आणि देवाने मारल्यावरही पूजेत वाटा मिळवून बसलेला मणी दैत्य यांना धरले, तर संपूर्ण गड हाच दैवतमंडळाचा नकाशा आहे आणि तो पायांनी वाचायचा आहे.

हीच म्हाळसा गोव्यात वेगळ्या नात्याने भेटते. म्हार्दोळची महालसा ही विष्णूचे मोहिनीरूप मानली जाते. ती आधी साष्टीत वेर्ण्याला होती. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केल्यावर महाजनांनी तिला नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला याच धामधुमीत गेली. देव एकटे गेले नाहीत. त्यांच्या परिवारदेवता, मानकरी, पालखीचा क्रम हे सगळे नव्या जागी पुन्हा मांडले गेले. इतकी मोठी उलथापालथ होऊनही कोण कोणाच्या उजव्या हाताला बसतो, हे लोकांनी विसरू दिले नाही.

आता मांडणीतली देण्याघेण्याची बाजू. नवरात्रात किंवा लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो, तेव्हा चौरंगावर तांदळाचा चौक मांडून त्यावर कलश ठेवतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे सुरू होते, आणि कथेला हात घालण्याआधी गोंधळी देवांना एकेक करून बोलावतो: मोरगावचा मोरया, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराया, पंढरपूरचा विठोबा. प्रत्येक नावापुढे ‘गोंधळाला यावे’ एवढेच पद. प्रत्येक नाव गावासकट घेतले जाते, हे लक्षात घ्या. गोंधळी डोळे मिटून महाराष्ट्राचा एक फेरा घालत असतो आणि शेवटी यजमानाच्या गावच्या देवापाशी येऊन थांबतो. ज्याचे नाव राहील, तो रुसेल अशी समजूत असल्यामुळे सरतेशेवटी चुकल्या-राहिल्या देवाचीही माफी मागितली जाते. तळकोकणातले गाऱ्हाणे याहून रोखठोक असते. तिथे गावचा मानकरी रवळनाथ, सातेरी, वेताळ, मूळपुरुष, देवचार, सीमेवरचा राखणदार अशा सर्वांना त्यांच्या मानाप्रमाणे हाक मारतो, कोणाचे काय दुखणे आहे ते सांगतो, काय करून द्यायचे ते मागतो, आणि त्या बदल्यात पुढच्या वर्षी काय देऊ हेही बोलतो. जमलेले लोक दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ठोका देतात. हा करार आहे, आणि तो दोन्ही बाजूंना बांधतो.

करार म्हटल्यावर रोमकडे वळायला हवे, कारण देवांशी कायदेशीर भाषेत बोलण्यात रोमन लोकांचा हात कोणी धरणार नाही. शत्रूच्या शहराला वेढा पडला, की त्या शहराच्या रक्षक देवतेलाच ते आवाहन करत: हे गाव सोड, आमच्याकडे ये, तुला याहून चांगले देऊळ आणि पूजा देऊ. इ. स. पू. 396 मध्ये व्हेई शहराची जूनो अशीच रोममध्ये आणली गेली. लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की मूर्ती हलवताना एका तरुणाने ‘जूनो, येतेस का रोमला?’ असे विचारले आणि देवीने मान हलवली असे बाकीच्यांनी ओरडून सांगितले. कौल लावण्याची सवय असलेल्या कोकणातल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. इ. स. पू. 204 मध्ये आशिया मायनरमधल्या थोरल्या मातेची काळी शिळा रोमने समारंभाने आणवली, देऊळ बांधले, उत्सव लावून दिला. पण तिचे पुजारीपण रोमन नागरिकाने करायचे नाही असा निर्बंधही घातला. देवी घरात आली, तिच्या रीती अंगणात राहिल्या.

ज्या इमारतीचे नाव पुढे या संपूर्ण कल्पनेला मिळाले, त्या रोममधल्या पँथियनची गोष्ट याच नजरेने पाहावी. आज उभी आहे ती वास्तू सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. 126 च्या आसपास पूर्ण झाली. तिच्या घुमटाचा व्यास 43 मीटरहून थोडा अधिक असून माथ्यावर उघडा झरोका आहे. परंतु दर्शनी भागावर नाव आहे ते अग्रिपा या सेनापतीचे, ज्याने इ. स. पू. 27 च्या सुमारास तिथे पहिले देऊळ बांधले होते. कॅसियस डिओ हा इतिहासकार लिहितो, की अग्रिपाला आपला सम्राट ऑगस्टस याची मूर्ती आत देवांच्या पंगतीला बसवायची होती. ऑगस्टसने नकार दिला. तेव्हा आत ज्युलियस सीझरची मूर्ती बसली, आणि ऑगस्टस व खुद्द अग्रिपा यांच्या मूर्ती बाहेरच्या ओसरीत ठेवल्या गेल्या. मेलेला आणि देवत्व बहाल झालेला आत, जिवंत सत्ताधीश उंबऱ्याबाहेर. जेजुरीच्या गडावर जो न्याय आहे, तोच इथे आहे: तुम्ही कोण, हे तुम्हाला कुठवर येऊ दिले यावरून कळते. इ. स. 609 मध्ये या देवळाचे चर्च झाले, पुढे राफाएल हा चित्रकार तिथे पुरला गेला, आणि एकोणिसाव्या शतकात एक झालेल्या इटलीच्या राजांनाही तिथेच जागा मिळाली.

इथवर वाचून दैवतमंडळ ही मोठी उदार व्यवस्था आहे असे कोणाला वाटले, तर ते अर्धेच खरे ठरेल. जो सामावून घेतो, तो समोरच्याची जागाही ठरवतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार मानण्याची प्रथा जुनी आहे; आपल्याकडच्या काही दशावतारांच्या चित्रांत तर त्या नवव्या जागी विठोबाच कमरेवर हात ठेवून उभा दिसतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या तीन ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या आहेत. चौथी अवतारकल्पना नाकारते, आणि पाचवी बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा प्रचार खोटा ठरवते. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. नुसते देव नाकारून भागले नसते, कारण बुद्ध त्या मंडळात आधीच बसवलेला होता. त्याला तिथून बाहेर काढणे हे वेगळे काम होते, आणि त्यासाठी वेगळी प्रतिज्ञा लागली. ‘आमच्यात तुम्हालाही स्थान आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला अपमानाचेही वाटू शकते, हे दैवतमंडळाविषयी बोलणाऱ्याने कधी विसरू नये.

आता आधुनिक काळाकडे. यात दोन निराळे प्रवाह आहेत आणि ते एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रवाह नव्या साधनांनी जुन्या देवांचे काय केले हा. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत सुरू केलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना हे त्याचे ठळक उदाहरण. तिथून निघालेल्या रंगीत तसबिरींनी लक्ष्मी आणि सरस्वतीला एक ठरावीक चेहरा दिला. तांदळा (न घडवलेला दगड), मुखवटा, टाक, शेंदूर फासलेला दगड अशा रूपांत स्थानिक खुणा घेऊन वावरणाऱ्या देवी एकाच साडीत, एकाच कमळावर आल्या. दुसरे उदाहरण 1975 मधल्या एका हिंदी चित्रपटाचे. तोवर उत्तरेत मर्यादित क्षेत्रात ठाऊक असलेली संतोषी माता त्या चित्रपटामुळे देशभर गेली. मराठी घरांतही सोळा शुक्रवार, गूळ-चणे आणि आंबट न खाण्याचा नेम सुरू झाला. तिला प्रवेश मिळवून देण्यासाठी कथेने काय केले पाहा: तिला गणपतीची मुलगी केले. माध्यम पडद्याचे, पण मार्ग तोच जुना नात्यागोत्याचा.

दुसरा प्रवाह माणसांच्या दैवतमंडळाचा. पॅरिसमधली पँथियन ही इमारत पंधराव्या लुईने संत जेनेव्हिएव्हचे चर्च म्हणून बांधायला घेतली होती. ती पुरी होते न होते तोच क्रांती झाली, आणि 1791 साली राष्ट्रीय सभेने तिचे रूपांतर थोर पुरुषांच्या समाधिस्थळात केले. पहिला मान क्रांतीतला पुढारी मिराबो याला मिळाला. त्याची राजाशी चाललेली गुप्त बोलणी नंतर उघडकीस आली, आणि 1794 च्या सप्टेंबरात त्याचे अवशेष बाहेर काढून मारा या जहाल क्रांतिकारकाचे आत आणले गेले. पाच महिन्यांत वारे फिरले आणि माराही बाहेर गेला. मग मात्र असा नियम झाला, की मृत्यूला दहा वर्षे झाल्याशिवाय कोणालाही हा मान द्यायचा नाही. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथे पोहोचणारी पहिली स्त्री म्हणजे मेरी क्युरी, आणि तिला 1995 पर्यंत थांबावे लागले. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेशासाठी मतदारांपैकी 75 टक्क्यांची मते लागतात. तिथे आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या कीर्तिमंदिरातही निवृत्तीनंतर पाच वर्षे जाऊ द्यावी लागतात. म्हणूनच ज्याला लोक मैदानावर असतानाच ‘क्रिकेटचा देव’ म्हणत होते, तो सचिन तेंडुलकर अधिकृतपणे तिथे 2019 मध्ये दाखल झाला. वाट पाहायला लावण्याचा हा नियम मला फार समंजस वाटतो. ऑगस्टसला ओसरीत थांबवणाऱ्या न्यायाचेच ते लेखी रूप आहे.

महाराष्ट्राचे म्हणून एक सार्वजनिक दैवतमंडळ याच पद्धतीने घडले आहे. सरकारी कार्यालयांत कोणाकोणाच्या जयंत्या साजऱ्या करायच्या, ते राज्य शासन दरवर्षी परिपत्रकाने कळवते, आणि त्या यादीत नाव यावे म्हणून समाजांच्या मागण्याही होतात. सभेत भाषणाआधी जी नावे घेतली जातात, त्यांचा क्रमही ऐकण्यासारखा असतो. ‘फुले, शाहू, आंबेडकर’ हे त्रिकूट जन्मसालांच्या क्रमाने, म्हणजे 1827, 1874 आणि 1891 असे आहे. त्याच्या आधी शिवाजी महाराजांचे नाव जोडायचे की नाही, सावित्रीबाईंचे घ्यायचे की नाही, यावरून वक्ता कोणत्या गोटातला आहे हे श्रोत्यांना पहिल्या मिनिटात कळते. गोंधळ्याच्या आवाहनाशी याचे साम्य उघड आहे. एखादे नाव राहिले, तर रुसवाही होतो. फरक एवढाच, की तो खाली बसलेल्यांचा होतो.

पण हा फरक लहान नाही. खंडोबाला नवस बोलता येतो, तो पावला नाही तर त्याच्याशी भांडता येते, आणि पावला तर ते फेडावे लागते. कीर्तिमंदिरातल्या माणसाकडे गाऱ्हाणे घेऊन जाता येत नाही. त्याचा आपल्याला लागणारा वाटा तो हयातीतच देऊन गेलेला असतो. म्हणून खेळाडूंच्या किंवा नेत्यांच्या बाबतीत दैवतमंडळाची भाषा प्रवेशाच्या, क्रमाच्या आणि हकालपट्टीच्या अंगाने तंतोतंत लागू पडते आणि देण्याघेण्याच्या अंगाने पडत नाही. जिथे लोक तीही लागू करू पाहतात, हयात नेत्याचे देऊळ बांधतात, त्याच्या कृपेने आपले भले होईल असे मानून वागतात, तिथे धोका सुरू होतो. धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. देवाशी केलेल्या कराराला गावाची साक्ष असते आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे शेकडो जण त्यात भागीदार असतात. नेत्याच्या भक्तीत असा दुसऱ्या बाजूला बांधणारा करार मला कुठे दिसलेला नाही.

राहता राहिला मुलीचा प्रश्न. तिला बारा नावे सांगू नका, कारण ती कोणती सांगायची यावर तुमच्या घरातल्या दोन वडीलधाऱ्यांचे एकमत होणार नाही. आधी तुमच्या घराण्याचे कुलदैवत आणि कुलस्वामिनी तिला गावाच्या नावासकट सांगा. आईच्या माहेरचे दैवत कोणते तेही सांगा. ते बहुधा वेगळे निघेल. मूळ गावचा ग्रामदेव आणि शिवेवरचा राखणदार कोण, हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर गावी फोन करून विचारा. चुलत घराण्यात कोणीतरी अजून पालखीचा मान सांभाळत असते. मग देव्हाऱ्यातले देव तिच्याकडून एकदा काढून पुन्हा लावून घ्या आणि कोण कुठे व का, हे तिला विचारू द्या. पुढे कधी भारतात आलात, तर जेजुरीला पायऱ्यांनीच चढा, आणि बाणाईपाशी थांबल्याशिवाय वर जाऊ नका.